व्याह्यांच्या सल्ल्यानं खणलेलं तळं

६ नोव्हेंबर

सन्माननीय व्याहीबुवा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र येऊन दोन महिने होऊन गेले आणि उत्तर आज लिहितोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. चष्म्याची काडी मोडली होती. दोऱ्यानं बांधली तर दोरा कानाला टोचायला लागला. पुढे काडी नीट झाली, पण तुम्ही ‘आपल्याकडील सर्व वर्तमान कळवावे’ असं लिहिलं होतं, आणि सर्व म्हणजे किती, ते मला ठरवता येईना. तुम्ही पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं काढलेले. मी पाचवी पास, तीही दुसऱ्या खेपेला. बस डेपोत ट्यूबांची पंक्चर काढण्यात जन्म गेला. तुम्हाला पत्र लिहायचं तर मी आधी जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून बघतो. फोन केला असता, पण ‘हॅलो’च्या पुढचं मला काही ऐकू येत नाही, आणि तुम्ही तोंडी बोलण्याला किंमत देत नाही असं तुमची लेक सांगते.

तर वर्तमान. तुमचे जावई आणि आमची सूनबाई मजेत आहेत. विहीणबाई गेल्यापासून तुम्ही दुसऱ्या मजल्यावर एकटे राहता, त्यावर आमच्या स्वयंपाकघरात बोलणं चालतं. मी ते ऐकत नाही. फक्त माझी चप्पल त्या दारामागे असते आणि ती शोधायला मला वेळ लागतो. मागच्या अंगणात तुमच्यासाठी दहा बाय बाराची एक खोली बांधायची, असं मुलगा म्हणाला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, फार उत्तम.

त्यानंतर आठ दिवसांनी माझ्या मनात आलं की आपल्या अंगणात एक तळं असावं. पाणी असलं की घराला शोभा येते. बाकीच्या अंगणात मुरूम आहे, कुदळ मारली की उलटी उडते. एवढा एकच तुकडा मऊ लागला. गुडघाभर खणून झाल्यावर लक्षात आलं, की हीच ती खोलीची जागा. आता सुरू केलेलं काम अर्धं टाकणं बरं दिसत नाही.

तुम्ही इथे राहायला आलात तर आम्हाला आनंदच आहे. पण न्हाणीघर एकच आहे आणि मला सकाळी वेळ लागतो. वर्तमानपत्रही एकच येतं. हे आपलं सहज लिहिलं.

विचारायचं असं, की तळं किती खोल असावं? नात्यात एवढा पाण्यातला माणूस असताना बाहेरच्याला विचारणं म्हणजे तुमचा अपमान.

आपला नम्र,
मुलाकडचा व्याही


१४ नोव्हेंबर

विषय: मागील अंगणातील तळ्याचे खोदकाम.
संदर्भ: आपले दि. ६ नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

आपले पत्र पोचले. विलंबाबाबत क्षमा करण्यात येत आहे.

गुडघाभर खोल असते ते डबके होय, तळे नव्हे. गुडघाभर कामाला खात्यात मंजुरी मिळाल्याचे मला आठवत नाही. किमान चार फूट खोल घ्यावे. लांबी-रुंदीत काटकसर करू नये. दहा बाय बाराची जागा संपूर्ण वापरावी व चारही बाजूंनी एकेक फूट वाढवावी, म्हणजे उरलेल्या जागेत अन्य बांधकाम करण्याचा मोह कोणास होणार नाही. काम त्वरेने करावे. घरातील मंडळींशी विचारविनिमय करू नये. विचारविनिमयात चांगली कामे रद्द होतात.

आपण एका खोलीचा उल्लेख केला आहे. त्याविषयी माझ्याकडे कोणतीही माहिती उपलब्ध नाही. लेक दर रविवारी फोन करते, परंतु त्या वेळी खालच्या मजल्यावरील शिंपीणबाईंचे मशीन चालू असते.

माझी प्रकृती उत्तम आहे. जिन्याच्या बेचाळीस पायऱ्या मी रोज दोनदा उतरतो व दोनदा चढतो. हिशेब जुळतो.

आपला,
मुलीकडील व्याही


१० डिसेंबर

सन्माननीय व्याहीबुवा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र म्हणजे काय जादू आहे, ते तुम्हाला कळायचं नाही. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी मुलगा खोलीचं माप घ्यायला गवंड्याला घेऊन आला होता. गवंडी खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि विचारायला लागला, की साहेब, खोली जमिनीच्या वर बांधायची की खाली? मुलाचा चेहरा असा लाल झाला, की माझ्या हातातली कुदळ गळाली. मी तुमचं पत्र पुढे केलं.

त्यानं वाचलं. परत वाचलं. बापाला दोन शब्द सुनावता येतात, सासऱ्याला कसे सुनावणार? बिचारा म्हणाला, बाबांनी सांगितलंय म्हणजे काहीतरी विचार असेल. सूनबाईनंही पत्र वाचलं, घडी करून मला परत दिलं आणि आत गेली. तिला तरी काय बोलता येणार? वडिलांनी दिलेला सल्ला. तेव्हापासून माझी युक्ती ठरली आहे. कुणी तोंड उघडलं की तुमचं पत्र उघडायचं.

चार फूट खोल झालं. चारही बाजूंनी एकेक फूट वाढवलं. पण पाणी टिकेना, सकाळी भरलेलं दुपारी गायब. मग माझ्या डोक्यात आलं की गळती हा तर आपला धंदा. डेपोत जुन्या ट्यूबांचा ढीग पडलेला असतो, अजून दोघे ओळखीचे आहेत. चौतीस ट्यूबा आणल्या, उभ्या चिरल्या, पॉलिश पेपरनं घासल्या आणि सोल्यूशन लावून एकीला एक अशा जोडल्या, अख्ख्या खड्ड्याला अस्तर. अडतीस वर्षं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघितले, आता ट्यूबेत पाणी भरलं. व्याहीबुवा, थेंब हलत नाही.

फक्त पाणी काळं दिसतं आणि अंगणात डेपोचा वास येतो. शेजारी कंपाउंडर राहतो, जन्मभर दुसऱ्याच्या दवाखान्यात बाटल्या भरल्या आणि आता भिंतीवर हनुवटी ठेवून आमच्या घरावर लक्ष ठेवतो. तो रोज विचारतो, की अप्पा, पुढची गाडी किती वाजता सुटणार? पोस्टमनच्या हातात तुमचं पत्र दिसलं की म्हणतो, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मी त्याला म्हणालो, घोड्यावर बसायला अक्कल लागते. तो म्हणाला, तीच तर तुमच्याकडे पोस्टानं येते.

आता पुढे काय करायचं ते लिहा. मुलगा अजून कधी कधी काठावर उभा राहून पावलांनी अंगण मोजतो.

आपला नम्र,
मुलाकडचा व्याही


१९ डिसेंबर

विषय: तळ्याच्या सुधारणेचा पुढील टप्पा.
संदर्भ: आपले दि. १० डिसेंबरचे पत्र.

महोदय,

प्रगती समाधानकारक आहे. पाणी साठविणे हा पहिला टप्पा. साठविलेल्या पाण्याचा उपयोग दाखविणे हा दुसरा. उपयोग न दाखविल्यास वरिष्ठ मंडळी (या प्रकरणी जावईबापू) काम गुंडाळू शकतात.

करिता मासे सोडावेत. जिवंत प्राणी आत सोडल्यावर कोणतेही काम सहसा बुजविले जात नाही. त्यानंतर कारंजे, कठडा व फलक, या क्रमाने जावे. फलक अवश्य लावावा. फलक लागला की काम कायमस्वरूपी होते, मग त्याचा उपयोग असो वा नसो.

शेजाऱ्यांच्या म्हणीकडे लक्ष देऊ नये. जावईबापू पावलांनी अंगण मोजतात, हे मात्र तातडीने थांबवावे. त्या बाजूस मोठ्या कुंड्या ठेवाव्यात.

प्रकृती उत्तम.

आपला,
मुलीकडील व्याही


८ फेब्रुवारी

सन्माननीय व्याहीबुवा,
सप्रेम नमस्कार.

या वेळी उशीर झाला तो माशांमुळे. तुमच्या आज्ञेप्रमाणे अकरा लाल मासे आणले. पहिल्या आठवड्यात चार गेले. बाकीचे वर तोंड काढून आ करून बघायला लागले, जणू मीच त्यांना बोलावून घेतलं आणि आता चहाही विचारत नाही. माशांचा दुकानवाला येऊन गेला. त्यानं बोट बुडवलं, वास घेतला आणि म्हणाला, आजोबा, यात मासे नाही, टायर जगतील.

झालं. सगळं पाणी उपसलं. माझ्या चौतीस ट्यूबा, एकही सांधा न सुटलेल्या, बाहेर काढाव्या लागल्या. उरलेले सात मासे न्हाणीघरातल्या मोठ्या पिंपात. नऊ दिवस आम्ही तिघांनी सात माशांसमोर अंघोळ केली. मुलगा तोंड भिंतीकडे करून उभा राहायचा.

मग गवंड्याला बोलावलं. खोलीसाठी म्हणून आणलेल्या विटा, वाळू, सिमेंट सगळं तयारच होतं. तेच तळ्याला लागलं. गवंडी जाताना म्हणाला, एवढी वर्षं काम केलं, पण माणसाची खोली माशांना दिलेली पहिल्यांदा बघितली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. ते मला चांगलं जमतं.

कारंजं बसवलं. पहिल्या दिवशी ते सरळ भिंतीपलीकडे गेलं आणि कंपाउंडरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं. त्याला मी म्हणालो, तुमच्या म्हणीतलं घोडं पाणी प्यायला आलं. कठडाही केला, कारण मी दोनदा आत पडलो, एकदा चष्म्यासकट. दुसऱ्यासाठी खड्डा खणतो तो स्वतःच त्यात पडतो असं म्हणतात. लोक उगाच काहीही म्हणतात.

फलकावर ‘धोका. पाणी खोल आहे. आदेशावरून’ असं रंगवून घेतलं. कुणाच्या आदेशावरून, असं रंगाऱ्यानं विचारलं. मी सांगितलं, व्याह्यांच्या. तो म्हणाला, मग नाव नको, लोक समजून घेतील.

या फलकाचा फायदा बघा. परवा नगरपालिकेचा डासवाला आला, हातात पळी. पळीनं पाणी काढून त्यात अळ्या बघतात आणि सापडल्या की नोटीस देतात. सापडल्या. पावतीपुस्तक काढलं, तेवढ्यात त्याची नजर फलकावर गेली. हे कुठल्या खात्याचं आहे, असं त्यानं विचारलं. मी तुमची दोन्ही पत्रं आणून दाखवली. विषय, संदर्भ, सगळं बघितलं आणि त्यानं पळी पुसून पिशवीत टाकली. म्हणाला, वरून काम चालू आहे हे आधी सांगायचं ना. तो गेला. अळ्या राहिल्या. आता बेडूकही आले आहेत, ते मात्र आपणहून.

तुमच्या कुंड्याही ठेवल्या. आता खोलीला जागा नाही, हे घरात सगळ्यांनी मान्य केलं आहे. मुलगा म्हणाला, जाऊ दे, बाबांचीच इच्छा दिसते. मी वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. थोडं वाटलंही, कशाला खोटं बोलू.

एक सांगायचं राहिलं. सूनबाई ऑफिसातून आली की चहाचा कप घेऊन तळ्याच्या काठावर बसते. काल म्हणाली, बाबांनी मला आजवर कधी एवढं मोठं पत्र लिहिलं नाही. ती रागावली होती की कौतुक करत होती, ते मला कळलं नाही. तुम्ही फोनवर दोनच वाक्यं बोलता असं ती सांगते. तिलाही दोन ओळी लिहीत जा. तळ्याबद्दल लिहिलंत तरी चालेल.

पुढची सुधारणा कळवा.

आपला नम्र,
मुलाकडचा व्याही


२० फेब्रुवारी

महोदय,

काम चांगले. कमळे लावावीत. अक्षर वेगळे दिसल्यास काळजी नसावी. पेन नवीन आहे.

आपला,
मुलीकडील व्याही


३० मार्च

सन्माननीय व्याहीबुवा,
सप्रेम नमस्कार.

कमळं लावली, असं मी एक मार्चला कळवलं होतं. त्याचं उत्तर नाही. पंधरा मार्चला परत लिहिलं. त्याचंही नाही. माझं कुठे चुकलं असेल, ते मी रोज शोधतोय. कॅलेंडरांच्या मागे सगळ्या पत्रांचा कच्चा मजकूर आहे, तो काढून वाचला. एका पत्रात तुम्हाला न विचारता कंपाउंडरला घोड्यावरून बोललो, ते लिहिलं आहे. ते लागलं का? की लेकीला पत्र लिहा असं मी सांगितलं, तो आगाऊपणा झाला? नवीन पेनाबद्दल मी अभिनंदन केलं नाही, हेही आठवलं. पेन छान असणार, पण अक्षर फार उतरतं जातं, ओळ संपेपर्यंत तळाला पोचते. दुकानदाराला परत करा.

इकडे तुमच्याशिवाय सगळं अडलं आहे. पाणी हिरवं झालं. इतकं हिरवं, की मासे आहेत की नाहीत ते मोजता येत नाही. कंपाउंडर म्हणाला, चुना टाका. दुकानवाला म्हणाला, पाणी बदला. मुलगा म्हणाला, बाबांना विचारा. मी कशालाच हात लावला नाही. तुमचा आदेश नसताना उद्या काही झालं तर जबाबदारी माझ्यावर यायची.

पोस्टमन आता फाटकाशी थांबत नाही, सायकलवरूनच मान हलवतो. सूनबाई ऑफिसातून आली की आधी ‘आलं का?’ विचारते. मग चहा. पूर्वी आधी चहा असायचा.

गेल्या रविवारी तिनं फोन केला तर शिंपीणबाईंनी उचलला. म्हणाल्या, साहेब झोपले आहेत. सकाळचे अकरा वाजले होते. त्याच्या आधीच्या रविवारीही तुम्ही झोपलाच होतात. सूनबाई बराच वेळ फोन हातात धरून उभी होती. मी म्हणालो, निवृत्त माणूस आहे, झोपू दे. पण मीही निवृत्तच आहे आणि मला पाच वाजता जाग येते.

व्याहीबुवा, रागावला असाल तर रागानं लिहा. पण लिहा.

आपला नम्र,
मुलाकडचा व्याही


१२ एप्रिल

अप्पा,

विषय, संदर्भ लिहीत नाही. डाव्या हातानं लिहितोय, जेवढं जमेल तेवढं.

मी रागावलेलो नाही. जानेवारीत जिन्यावरून पडलो. वरून नववी पायरी. उजवं मनगट मोडलं. फेब्रुवारीतलं पत्र डाव्या हातानं लिहिलं होतं, पेन जुनंच आहे. मनगट सुधारत होतं, तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात न्हाणीघरात घसरलो. या वेळी खुब्याचं हाड. दवाखान्यात तीन आठवडे होतो, आत धातूची पट्टी टाकली आहे. आता घरी पडून असतो. शिंपीणबाई दोन वेळा ताट आणून देतात, कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच आहे. फोन आला तर झोपलोय म्हणून सांगा, असं त्यांना मीच सांगितलं. त्या मला रोज बोलतात. म्हणतात, अहो, खोटं बोलायची मजुरी कपडे शिवण्यापेक्षा जास्त पडते.

दुसरी गोष्ट. खोलीचं मला तुमच्या पहिल्या पत्राच्या आधीपासून माहीत होतं. लेकीनं ऑक्टोबरातच विचारलं होतं, बाबा, खोली बांधली तर याल का? मला नको म्हणायचं होतं. जावयाच्या अंगणात जाऊन पडायचं, कुणीतरी चहा आणून द्यायचा आणि आपण आवडला म्हणायचं, हे मला जमणार नाही. पण तिला नको म्हणणं मला तिच्या लहानपणापासून जमलेलं नाही. म्हणालो, बघू. तेवढ्यात तुमचं पत्र आलं. तुम्ही खणताय, तेही नेमकं तिथेच. मला वाटलं, माणूस नाही, देवच धावून आला. म्हणून चार फूट. म्हणून चारही बाजूंनी एकेक फूट. कुंड्यासुद्धा म्हणूनच.

तिसरी गोष्ट. मी पाणीपुरवठा खात्यात होतो हे खरं, पण टपाल नोंदवायला. छत्तीस वर्षं पत्रांवर शिक्के मारले. पाण्याची टाकी मी एकदाच बघितली, ती भिंतीवरच्या फोटोत. तुमचे चार मासे माझ्यामुळे गेले. पाणी हिरवं का होतं, मला माहीत नाही.

हे पत्र वाचून फाडून टाका. लेकीला यातलं काही सांगू नका. एवढं वचन मी तुमच्याकडे मागतो.

तुमचा व्याही


१७ एप्रिल

व्याहीबुवा,
नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. वचनाचं आधी सांगतो. मी सूनबाईला काहीही सांगितलेलं नाही.

तुम्हाला माहीत आहे, मला वाचायला वेळ लागतो. डाव्या हाताचं अक्षर, त्यात चष्मा. मनातल्या मनात तीनदा वाचलं, तरी मधले शब्द सुटत होते. मोठ्यानं वाचलं की मला बरं समजतं. म्हणून संध्याकाळी तळ्याच्या काठावर बसून चौथ्यांदा मोठ्यानं वाचलं. कारंज्याचा आवाज असतो, त्यामुळे आवाज जरा चढवावा लागला. सूनबाई मागे दोरीवरचे कपडे काढत होती. मला ती दिसली नव्हती, असं मी तिला सांगितलं आहे.

खुब्याच्या हाडापाशी आलो आणि चष्मा काढून पुसायला लागलो. मागून ती म्हणाली, “अप्पा, थांबू नका. पुढचं वाचा.”

मी सगळं वाचलं. फाडून टाका, तेही वाचलं. तेव्हा तिनं हात पुढे केला, म्हणून पत्र तिच्याकडे दिलं. ती रडली नाही. कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, की उद्याच्या उद्या गवंड्याला बोलावून तळं बुजवायचं आणि खोली बांधायची. मग मलाही राहवेना. तुम्ही तीन गोष्टी कबूल केल्या, मी एक तरी करायला हवी होती. मी तिला सांगितलं, की हे तळं मी शोभेसाठी खणलेलं नाही. तुझे वडील येऊ नयेत म्हणून खणलं. शिकलेला माणूस, तुझ्या रक्ताचा, तो आला की तू बाबा म्हणून हाक मारशील तेव्हा ती हाक आपल्याला नाही हे मला रोज कळणार. आठ वर्षं या घरात एकच म्हातारा आहे. त्याची सवय झाली आहे मला.

ती म्हणाली, “ते मला खड्डा गुडघाभर होता तेव्हाच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, बाबा तुम्हाला नको म्हणतील. त्यांनी चार फूट लिहिलं.”

व्याहीबुवा, तुम्ही आणि मी मिळून एका पोरीला पाच महिने काठावर बसवून ठेवलं आणि आपण काय केलं, तर कारंजं लावलं. वर फलक. मला लाज वाटली. तुम्हालाही वाटली असेल तर माझी थोडी कमी होईल.

तळं बुजवू नको असं मी तिला सांगितलं. माशांसाठी नाही. गवंडी खोलीला पावसाळा घालवेल आणि तुम्ही तोवर बेचाळीस पायऱ्यांवर पडून राहाल. माझी खोली आहे ना. काल मी आणि मुलानं फीत धरून मापलं. माझं कपाट बाहेर काढलं तर दुसरी कॉट आरामात बसते, मध्ये अडीच फूट वाट राहते. कपाट निघालंसुद्धा. त्यात मुख्यतः कॅलेंडरंच होती. जमिनीवरचं घर आहे, एकही पायरी नाही. जावयाच्या अंगणात पडायचं नाही असं तुम्ही म्हणता, मग पडू नका. व्याह्याच्या खोलीत राहा. त्यात कमीपणा असलाच तर तो अर्धा माझा.

मी घोरतो. हे आधी सांगून ठेवलेलं बरं. रेडिओ माझा आहे, पण बटण तुमच्या बाजूला ठेवीन. चहा तुम्हाला आवडला नाही तर तसं म्हणा, मी आठ वर्षं म्हणतोय, कुणी मनावर घेत नाही. आणि पाण्याचं तुम्हाला काही कळत नाही हे कंपाउंडरला कळता कामा नये. त्याच्यासमोर तुम्ही रोज पाच मिनिटं तळ्याकडे बघून मान हलवायची, बाकी मी सांभाळतो.

हे पत्र सूनबाईच्या हातात देतोय. तिनं पंधरा दिवसांची रजा काढली आहे आणि ती उद्या सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे निघते. डॉक्टर हो म्हणाले की मुलगा गाडी घेऊन येईल आणि तुम्हाला झोपवून आणेल. तुम्हाला नको म्हणायचं असेल तर मला म्हणू नका, तिच्या तोंडावर म्हणा. दारात पोचली की ती आधी रागावेल, मग रडेल, मग शिंपीणबाईंना भेटेल. तोवर तुम्ही गप्प राहा.

या सगळ्या गडबडीत माझं एक काम राहून जाईल, म्हणून लिहितो. कॉटला उठताना धरायला लाकडी दांडा लावायचा आहे. सुतार पुढच्या गुरुवारी येतो, त्यानंतर महिनाभर त्याला सवड नाही. खुब्याचं हाड मोडलं एवढंच तुम्ही लिहिलंत, डाव्या बाजूचं की उजव्या, ते लिहिलंच नाही. दांडा उलट्या बाजूला बसला तर रोज दुखऱ्या अंगावर वळून उठावं लागेल आणि माझ्या जिवाला घोर लागेल. सूनबाईला विचारलं असतं, पण तिला तरी कुठे माहीत आहे. फोनवर नको, मुलगा निरोप विसरतो, मला डावं-उजवं ऐकू येणार नाही आणि मी सुताराला भलतंच सांगेन. एका कार्डावर एकच शब्द लिहा, हात दुखत असेल तर शिंपीणबाईंकडून लिहवून घ्या, पण गुरुवारच्या आत माझ्या हातात पडेल असं लवकर पाठवा.

वाट बघतोय,
अप्पा